पंप शहापूरला, पाइप मुरबाडला

३ डिसेंबर १९९८, सकाळी ६.४०

नवी वही. एकवीस वर्षं कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप केले. दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहिण्यात अर्धं आयुष्य गेलं. आता स्वतःचं कार्य लिहायचं. रोज. खाडा नाही.

कार्य असं : शहापूर आणि मुरबाड मिळून आग विझवायचं एक यंत्र घ्यायचं. माझी मोठी बहीण शकूताई किन्हवलीच्या पुढे वेळूच्या पाड्यावर असते. गेल्या मार्चमध्ये वणव्यात तिचं घर गेलं. शहरातून बंब यायला तीन तास लागले, बंबवाल्यांनी राखेवर पाणी मारलं. या भाऊबीजेला तिला शब्द दिलाय, पुढच्या वेळी यंत्र आधी पोचेल आणि धूर मागून येईल. ताई नुसती ‘बरं’ म्हणाली. तिचा माझ्यावर पहिल्यापासून विश्वास.

४ ते ८ डिसेंबर

खाडा. कारण कामच तेवढं होतं.

९ डिसेंबर

शहापूर-मुरबाड संयुक्त अग्निसुरक्षा समिती स्थापन. अध्यक्ष मुरबाडचे लडकूशेठ. त्यांची गवताची वखार आहे, बाकीचे वखारवालेही त्यांच्याच शब्दावर वर्गणी देतात. निमंत्रक मी. अध्यक्ष म्हणजे शोभा, काम निमंत्रकाचं.

दुपारी लगेच शिक्का करायला टाकला. अनिताने विचारलं, यंत्र कधी येणार? म्हटलं, शिक्क्याशिवाय यंत्र येतं का कुठे! बायकोला प्रोसिजर कळत नाही.

२१ डिसेंबर

खरेदीला तीन कोटेशनं लागतात. एकाच दुकानदाराने दिलं. उरलेली दोन त्याच्याच सांगण्यावरून मी माझ्या मशीनवर टाइप केली, पण दोन वेगळ्या दिवशी. कामात पारदर्शकता हवी.

झोप नीट नाही. दोनदा उठून कोऱ्या कागदावर शिक्का मारून पाहिला. चांगला उमटतो.

८ जानेवारी १९९९

मुरबाडला खरेदी सभा. साडेचार तास. पंप किती पाणी फेकतो यावर दहा मिनिटं, पंपाचा रंग लाल की शेंदरी यावर तीन तास. शेवटी लाल, वर शेंदरी पट्टा. दोन तालुके एकत्र काम करतात ते असं.

१६ जानेवारी

यंत्र आलं! दोन चाकांवरचा पंप, जीपच्या मागे जोडून न्यायचा. सोबत सहा पाइप आणि पुढे लावायचं पितळी नोझल. पाहून छाती भरून आली.

लगेच भांडण. शहापूरवाले म्हणाले, तालुका आमचा मोठा, इथे ठेवा. मुरबाडवाले म्हणाले, वर्गणी आमची जास्त, तिथे ठेवा. दोन्हीकडचे लोक उठून चालले. मी हात वर केला आणि मांडलं : पंप शहापूरला, पाइप मुरबाडला. आग लागली की दोन्हीकडून निघायचं आणि आगीपाशी भेटायचं. दोघांचाही मान राहतो आणि एकाला दुसऱ्याशिवाय करमत नाही. टाळ्या. लडकूशेठ म्हणाले, दामूशेठ, तुमी दिल्लीला पायजे होते. मलाही अधूनमधून तसं वाटतं.

नियमावली माझीच. नियम ७ : निमंत्रकाची सही-शिक्क्याची लेखी मागणी आल्याशिवाय पाइप हलवू नयेत. मुरबाडवाल्यांचा काय भरवसा, भेंडीला पाणी मारत बसतील.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानात रंगीत तालीम. पाइप कालच मागवून घेतले होते, त्यामुळे समन्वय उत्तम. आग मात्र पेटेना. लाकडं ओली निघाली. रॉकेल ओतलं, जरा धूर झाला. तेवढ्यात पाणी सोडलं. आठ सेकंदांत आग आटोक्यात, पाहुण्यांच्या पुढच्या दोन रांगा भिजल्या. यश शंभर टक्के.

रंगीत तालमीला शकूताईला बोलवायचं होतं. राहून गेलं.

४ फेब्रुवारी

शकूताईचा यजमान रघू भावोजी आला होता. दरवर्षी या दिवसांत पाड्याभोवतीचं गवत कापून, जाळून मोकळा पट्टा काढतात. वणवा डोंगरावरून उतरला की पट्ट्यापाशी अडतो. आठ दिवसांचं काम, सगळं घर राबतं. गेल्या वर्षी ताईकडे आजारपण होतं, पट्टा अर्धाच राहिला होता. भावोजी विचारत होता, यंदा कधी लागू कामाला?

मी म्हटलं, कशाला? आता यंत्र आहे. पंप आल्यावर पट्टा काढायचा म्हणजे गॅस आल्यावर चूल फुंकायची. भावोजी घोटाळला. म्हणाला, शेजारची ठाकूरवाडी तर काढतेय, तिथली बुधी सगळ्या बायांना घेऊन रोज जाते. मी म्हटलं, त्यांच्याकडे निमंत्रक नाही.

संध्याकाळी निरोप आला. ताई म्हणाली, दामू म्हणतो तर राहू दे.

१२ फेब्रुवारी

तक्ता तयार केला. ‘आग’ असा मधे गोल, त्यातून चौदा बाण. लॅमिनेट करून भिंतीला लावला. अनिता म्हणाली, बाणांमधे पाणी कुठे दिसत नाही. म्हटलं, ते गृहीत धरलंय.

२० फेब्रुवारी

कुठेही आग नाही. आग लागावी असं मला अजिबात वाटत नाही. पण महिना झाला, पंपावर धूळ बसतेय. रोज सकाळी गच्चीवर उभा राहून चारी दिशा पाहतो. दुपारी टेबलावर बसलो तरी लक्ष डोंगराकडे. काल एका गिऱ्हाइकाच्या सात-बाराच्या अर्जात दोनदा ‘ज्वाला’ टाइप झालं. चैन पडत नाही.

२३ फेब्रुवारी

धूर दिसला! आसनगावच्या अंगाला. टेबल तसंच टाकलं, जीपवाल्या ज्ञानेश्वरला उठवलं, पंप जोडून निघालो. अकरा मिनिटांत हजर. एक म्हातारा शेतात राब भाजत होता, भाताच्या रोपासाठी. आमच्याकडे पाहून म्हणाला, आलात तर जरा पाला टाका त्या कडेला. टाकला. तरीही अकरा मिनिटं ही वेळ नोंद घेण्यासारखी आहे.

निश्चय : उद्यापासून पहाटे पाचला उठून व्यायाम. आगीत धावायला दम लागतो.

२४ फेब्रुवारी

उठलो. सव्वाआठला.

५ मार्च

पाडव्याला, १८ तारखेला, यंत्राचं उद्घाटन. मोठे पाहुणे येणार. माझं भाषण चार पानांचं. सुरुवात ‘अग्नी ही देवता’ इथून, शेवट दोन्ही तालुक्यांच्या भविष्यावर. अनिता म्हणाली, ताईकडे एकदा जाऊन या, हवा तापलीय. म्हटलं, पाडव्यानंतर.

११ मार्च, संध्याकाळी ७.४५

सगळं क्रमाने लिहितो, कारण उद्या अहवाल लागेल.

दु. १.२० : मुरबाडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने स्टँडवर सांगितलं, वेळूच्या पाड्यावरचा डोंगर पेटलाय, वणवा खाली सरकतोय.

१.२५ : बूथवरून लडकूशेठना फोन. म्हटलं पाइप लगेच काढा. ते म्हणाले, “दामूशेठ, नियम सात तुमीच लिवलाय. लेखी मागणी धाडा, लगेच सोडतो.” राग आला. मग वाटलं, माणूस नियमाने वागतो यात वाईट काय?

१.३५ : मागणी टाइप केली, दोन प्रती.

१.५० : जावक क्रमांक राहिला होता. पुन्हा टाइप केली.

२.०५ : कागद मुरबाडच्या एसटीने रवाना.

२.१५ : ज्ञानेश्वर जेवायला घरी गेला होता. आला. पंप जोडला.

३.०५ : पाडा.

धुराने दिसत नव्हतं. ठाकूरवाडीच्या बाया ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होत्या, बुधी पुढे. वणवा त्यांच्या पट्ट्यापर्यंत आला होता आणि तिथे थांबला होता. मग तो वळला, जिकडे गवत होतं तिकडे, म्हणजे ताईच्या बाजूला. रघू भावोजी गोठ्यातून म्हशी सोडत होता. ताई विहिरीवरून हंडे आणत होती. मी पंप विहिरीपाशी लावला आणि चालू केला. आवाज उत्तम.

आवाज ऐकून बायांनी हात थांबवले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बुधी धावत आली. “दादा, पानी कुठंय?”

मी म्हटलं, पाणी विहिरीत आहे, पाइप मुरबाडहून निघालेत.

ती मागे फिरली. तेवढ्यात पेंढ्याची उडवी पेटली आणि तिच्यावरून गोठा. मग बाया, भावोजी, ताई, सगळे घराकडे धावले. मीही एक डहाळी घेतली. ती वाळकी निघाली.

घर वाचलं. पडवी गेली. गोठा गेला. वर्षाचा पेंढा गेला.

६.१५ : पाइप आले. लडकूशेठच्या माणसाने पोच मागितली. दोन प्रतींत सही केली.

ताईशी बोलणं झालं नाही. ती गडबडीत होती.

१२ मार्च

अहवाल तयार, अडीच पानं. निष्कर्ष : पंप सुस्थितीत पोचला. पाइप नियमानुसार पोचले. दोन्ही तालुक्यांत समन्वय दिसून आला. आगीने मात्र अपेक्षित सहकार्य केलं नाही. (हे वाक्य खोडलं. अनिता मागे उभी होती.)

अनिताने अहवाल पूर्ण वाचला. मग विचारलं, यात ताईचं नाव कुठंय? म्हटलं, तांत्रिक अहवालात नावं नसतात. ती आत गेली. मला एकट्यालाच जेवण वाढलं.

१४ मार्च

पाड्यावर जायचं होतं. ज्ञानेश्वरची जीप भाड्यावर. एसटीला गर्दी. शिवाय ताईला सावरायला वेळ द्यावा. माणसाने लगेच जाऊन गोंधळ वाढवू नये.

अर्ज टाइप करताना सारखी मान वळते डोंगराकडे. तिकडे सगळं काळं आहे, आता धूर येणार नाही, हे माहीत आहे. तरी वळते.

१५ मार्च

लडकूशेठचा फोन. उद्घाटन ठरल्याप्रमाणे. पंपावर काजळी बसलीय, धुऊन घ्या म्हणाले. पाइप तर परत मुरबाडला गेलेले, धुणार कसा? शेवटी बादलीने धुतला.

अनिता सकाळच्या एसटीने एकटी पाड्यावर जाऊन आली. म्हणाली, दोन्ही म्हशी विकल्या. खायला घालणार काय? भाव पण पडूनच मिळाला. मी म्हटलं, मला आधी सांगायचं. ती म्हणाली, तुम्हाला सांगून काय होतं.

१८ मार्च, पाडवा

उद्घाटन थाटात. फीत कापली, नारळ फोडला, पंप आणि पाइप प्रथमच अधिकृतपणे एकमेकांना जोडले. मला शाल. भाषण चारही पानं वाचलं. टाळ्या. पाण्याची धार झेंड्याच्या काठीपर्यंत गेली. सगळे म्हणाले, जबरदस्त.

पाड्यावरून कोणी आलं नाही. सणाच्या दिवशी गाड्या कमी असतात.

कार्यक्रमानंतर ठरावाप्रमाणे पाइप परत मुरबाडला.

शाल घरी आणली. अनिताने घडी घातलेली तशीच कपाटावर ठेवली. मला आज आनंद व्हायला हवा होता. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या.

२२ मार्च

सकाळी टेबलावर आलो तर ताई. दोन गिऱ्हाइकांच्या मागे, लाकडी बाकावर, नंबर धरून. पुढे ये म्हटलं. नको म्हणाली, त्यांची गाडी आहे.

तिचा नंबर आला. नुकसानभरपाईचा अर्ज हवा होता. दुसरीकडेही टाइपवाले आहेत, तरी माझ्याकडेच आली. मी कागद चढवला. नाव, गाव, वय. काय काय जळलं ते ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. पडवी. गोठा. दोन गाड्या पेंढा. लाकडाचा नांगर. तिचा आवाज शांत होता. माझ्या टाइपरायटरचाच आवाज मला मोठा वाटत होता.

आठवा रकाना. ‘आगीपूर्वी अर्जदाराने घेतलेली खबरदारी’. तिला वाचून दाखवला. म्हटलं, हा रिकामा सोडला तरी चालतो.

ती म्हणाली, “रिकामा कशाला? लिव. भावाने शब्द दिलेला, म्हणून पट्टा नाय काढला.”

रागाने नाही म्हणाली. कागदावर खरं असावं म्हणून म्हणाली. मला रडू आलं. बाकावरचे लोक बघत होते म्हणून मान खाली घालून टाइप केलं, तिने सांगितलं तसंच, एक अक्षर न बदलता. माझी चूक होती, ताई. हे तिला म्हणायचं होतं ते इथे लिहितोय.

तिने अंगठा उठवला. कागद हातात धरून उलटा-सुलटा पाहिला, तिला वाचता येत नाही. मग विचारलं, “दामू, ह्यो तरी पोचंल ना रे?”

पोचेल असं म्हणालो नाही. तिच्या हातातून कागद घेतला, टाइपरायटरवर पोतं झाकलं आणि स्वतः कचेरीच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एकोणीस माणसं होती.