मालक, गट, इतर

५ जानेवारी
कंपनीतला हा कपाटाएवढा संगणक माझ्यापेक्षा वयाने मोठा, पण कुलूप पक्कं! प्रत्येक फाइलला तीन दारं — मालक, गट, इतर. मालक मी. ‘इतर’ बंद केलं. गट उघडाच राहू दिला; गट म्हणजे आमचा विभाग, म्हणजे मी आणि ऑपरेटर कोंडाजीकाका. काकांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, माझी फाइल काय सापडणार! तेव्हा रोजनिशी आजपासून इथेच, रोमन अक्षरांत का होईना. घरी वही ठेवली की आई वाचते.

६ जानेवारी
लॅबमधला अनिल बाइक लावली की आधी आरशात बघून केस सारखे करतो. एवढं कुणासाठी? आणि मी रोज खिडकीतून बघत बसते. बावळट!

९ जानेवारी
अनिलला मुंबईत नोकरी मिळतेय. शनिवारपर्यंत कळवायचंय. ‘जाऊ का नको, तूच सांग,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘जा की! विचारतोस काय?’ वर हसलेसुद्धा. मग जिन्यात बसून रडले. मला तो इथेच हवाय. हे त्याच्या तोंडावर जन्मात बोलता येणार नाही. इथे लिहिलं, पुरे.

१२ जानेवारी
अनिलने आज आरसा सोडून थेट माझ्या खिडकीकडे बघितलं. मी खाली वाकले, टेबलावर डोकं आपटलं.
संध्याकाळी बसमध्ये पॅकिंगच्या सुंदराबाई म्हणाल्या, ‘जिन्यात बसू नको गो, फरशी गार हाय.’ सगळी बस खिडकीबाहेर बघायला लागली. यांना कुणी सांगितलं?

१३ जानेवारी
काकांना विचारलं. ‘गट म्हंजे विभाग नाय गो! हजेरीसाठी सगळ्यांची यात खाती हायत. पाळीची माणसं बसनं यायची, म्हणून आम्ही बसवार गट केले. तू पोलादपूर बसच्या गटात.’
म्हणजे आख्खी पोलादपूर बस माझी रोजनिशी वाचतेय!
‘अनिल तर बाइकने येतो ना?’
‘आता येतो. खातं अजून तुमच्या बसच्या गटातच हाय त्याचं.’
मेले मी! ‘इतर बंद केलंस तसा गटही बंद कर की,’ काका म्हणाले. एका ओळीचं काम. ओळ टाइप करून ठेवलीय, बटण दाबवत नाही.

१४ जानेवारी
ओळ खोडली. सुंदराबाई आणि बाकी मंडळी, जरा तिकडे तोंडं करा.
अनिल, जाऊ नकोस.