आधी आलेला आवाज

३ मार्च, सोमवार

ठोक्याने आईचा आवाज उचलला!

चष्म्याच्या दुकानातून कामावरून येऊन चप्पल काढते न काढते तोच मला मागच्या खोलीत ओढलं, दार लावलं, हेडफोन माझ्या कानांवर चढवले. म्हणे, "ताई, गप्प बस आणि ऐक." धाकट्या भावाची ही हुकूमशाही जुनीच आहे. लहानपणी ताट, टेबल, माझं डोकं, समोर येईल ते वाजवायचा, म्हणून ठोक्या. आता कॉम्प्युटरवर वाजवतो आणि त्याला काम म्हणतो.

ऐकलं. ढोलाचे ठोके, आणि मधून मधून एका बाईचा आवाज – "उजाडलं गं". तेवढंच. पुन्हा. पुन्हा. अंगावर काटा आला.

"कोण आहे?"

"आई."

मावशीने आम्हाला ती गोष्ट कितीदा सांगितली आहे. आई लग्नाआधी कोरसमध्ये गायची. एकच माइक, भोवती सगळ्या बायका, संगीतकाराचं बोट वर गेलं की सुरू व्हायचं. एकदा आई त्या बोटाच्या आधी सुरू झाली. नेमका तोच टेक बाकी सगळा चांगला, म्हणून तो ठेवला, आणि आईला सगळ्यांसमोर घरी पाठवलं. त्यानंतर आई गायली नाही. स्वयंपाक करताना नाही, आम्हाला झोपवताना नाही. ठोक्याला पाढे म्हणून झोपवायची!

ही रेकॉर्ड ठोक्याला जुन्या सामानाच्या दुकानात सापडली. आई आधी आली म्हणून क्षणभर एकटी आहे. वाद्य नाही, दुसरा गळा नाही. तेवढाच तुकडा त्याने अलगद कापून घेतला.

"आईला सांगितलंस?"

"सरप्राइज आहे."

मला नाही आवडलं. पण पुन्हा लाव म्हणाले.

५ मार्च, बुधवार

तो तुकडा मोबाइलवर मागून घेतला. आज काउंटरमागे ऐकत होते तर गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, डोळे माझे तपासायचेत, पाणी तुमच्या का येतंय?"

त्या "गं"वर आवाज किंचित नाकात जातो. माझाही जातो. अगदी तस्साच!

८ मार्च, शनिवार

भांडलो. आई पलीकडे असल्यामुळे कुजबुजत भांडलो, त्याने जास्त दमायला होतं.

ठोक्या म्हणतो, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची रीतसर परवानगी घेतली आहे, चोरी कसली? मी म्हटलं, रेकॉर्ड कंपनीची, गळा कंपनीने दिला होता का? तर म्हणे, "ताई, कुठलं गाणं आभाळातून पडतं? जुन्यातूनच नवं होतं. गोधडी शिवताना कपड्यांना विचारतात का?"

"तो कपडा जिचा, ती अजून आहे! बाहेर भाजी निवडते आहे!"

हसला मेला. मग गंभीर झाला. "तिला चुकीची म्हणून हाकललं ना? मी तीच चूक गाण्याच्या मधोमध ठेवली आहे. लोक नाचतील तिच्यावर. याहून मोठा मान कुठला?"

बोलायला तो वकील व्हायला हवा होता. पण मला सारखं वाटतं, एखाद्याची लाज तुम्ही त्याला न विचारता पुसायला जाता, तेव्हा ती आधी चारचौघांत उघडी करता. हे मला तिथल्या तिथे सुचलं नाही. मला कधीच काही तिथल्या तिथे सुचत नाही.

९ मार्च, रविवार

नवीन गाणं काढणाऱ्या कंपनीने जाहिरात टाकलीसुद्धा. 'आईचा हरवलेला आवाज'. खाली आईचा दोन वेण्यांतला फोटो, आपल्या अल्बममधला! सोमवारी, सतरा तारखेला गाणं बाहेर येणार. दुकानातल्या मुलींनी मला दाखवलं. अभिनंदन म्हणाल्या.

आईकडे साधा मोबाइल आहे म्हणून, नाहीतर आजच कळलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१२ मार्च, बुधवार

मीच सांगितलं. मला पोटात ठेवताच येईना. म्हटलं, आई, ठोक्याकडे तुझं काहीतरी आहे, जाऊन ऐक.

ती त्याच्या खुर्चीवर बसली. हेडफोन मोठे, सारखे घसरत होते, ठोक्या दोन्ही हातांनी धरून उभा. आईने डोळे मिटले. ऐकलं. बोटाने खूण केली, पुन्हा. त्याने पुन्हा लावलं. तिचा चेहरा असा मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. "काढून टाक हे."

"आई, अगं पण –"

"माझ्याकडून परवानगी मिळायची नाही."

आणि इस्त्री करायला गेली. ठोक्याचाच शर्ट.

१३ मार्च, गुरुवार

ठोक्याने एक गायिका बोलावली. चांगली पोरगी, गोड गळा. तिने "उजाडलं गं" म्हटलं, अगदी वेळेवर. गाणं मेलं! आधी ये म्हणाला, तर तिला येईना. हसायला लागली. "दादा, चूक मुद्दाम कशी करू?"

ठोक्याने कॉम्प्युटरवर तो सूर ठोक्याच्या आधी सरकवून पाहिला. तरी नाही. जी आधी येते तिला घाई असते, धसका असतो. तो कुठून आणणार?

आई दाराशी येऊन गेली.

१४ मार्च, शुक्रवार

नव्या गाण्याच्या कंपनीतली बाई फोनवर गोड बोलते. म्हणाली, कायद्याने आईंची सही लागत नाही, गाणं सोमवारी येईल, तुम्ही घरात मिटवा. ठोक्या म्हणाला, आई नको म्हणते तर मी नाही देणार. ती म्हणाली, मग पुढे आमच्याकडे येऊ नका.

फोन ठेवून तो रडला. एवढा दाढीवाला घोडा, माझ्या खांद्यावर नाक पुसत होता. आईला न विचारता उचललं म्हणून मीच ओरडले होते ना त्याला? आणि आता खरं लिहायचं तर – मला ते गाणं यायला हवं आहे. रिक्षात, दुकानात, लग्नात, सगळीकडे वाजायला हवं आहे.

१५ मार्च, शनिवार

आज मी आईला नको ते बोलले. "तुझी लाज तुला आमच्यापेक्षा मोठी आहे का?" म्हटलं. "आयुष्यभर आम्हाला एक ओळ गाऊन दाखवली नाहीस. आता कुठे तुझा आवाज मिळाला, तर तोही परत मागतेस! झोपताना ऐकते मी तो. कळतं का तुला?"

ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

"तू ऐकतेस?"

"रोज."

"अरे देवा," म्हणाली, आणि खालीच बसली.

मला फार वाईट वाटतंय. माफी मागायला गेले तर म्हणाली, उद्या बोलू, दोघं समोर असताना.

१६ मार्च, रविवार

तो आवाज आईचा नाही.

कोरसमध्ये आईच्या शेजारी उभी होती तिचा. संगीतकाराने विचारलं, कोण चुकलं? शेजारणीने आईचा हात गच्च धरला. तिचं अख्खं घर त्या कामावर चालायचं. आई म्हणाली, "मी." वाटलं होतं, आठवड्याभरात परत बोलावतील. कोणी बोलावलं नाही. ती शेजारीणही पुन्हा कधी फिरकली नाही.

"परवानगी माझी नाहीच रे, मी कुठून देऊ?" आई म्हणाली. "आणि तिचं नाव सांगून मी आता तिला चुकीची ठरवणार नाही."

ठोक्या उठला आणि ती जाहिरात काढा म्हणून सांगायला कंपनीच्या बाईला फोन लावायला गेला.

मी विचारलं, "मग तुझा आवाज कुठे आहे?"

"त्याच्या पुढेच. मी वेळेवर आले होते."

रेकॉर्ड लावली. "उजाडलं गं"नंतर सगळ्या बायका एकदम येतात. मी दुपारभर ऐकते आहे. इतक्या एका सुरात गातात, की आई कोणती ते कळत नाही.