बार्जवरचं ठिगळ

३ नोव्हें., सोम.
सुर्ल्याचं खनिज वाहणारी बार्ज काल यार्डात वर घेतली. डेकला हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडाच्या, कोपऱ्यापासून हातभर तडा. खाली डिझेलची टाकी, म्हणजे वेल्डिंग बंद. कार्बनचं काळं कापड रेझीनमध्ये भिजवून चिकटवायचं. सव्वीस वर्षं वेल्डर, आता ठिगळं लावतो.

४ नोव्हें.
ठिणगी चालत नाही, गंज हातानंच खरवडला. दिवसभर. उजवा खांदा गेला. बार्जचा तांडेल विठूबाब, केरीचा, बाजूला बसून बघत होता. "कापडान लोखंड धरतला काय रे?" धरतं म्हटलं. फक्त पत्रा कोरडा हवा.

५ नोव्हें.
सकाळी दंव. पत्रा ओला. सुपरवायझर पाटलांना म्हटलं, ऊन चढेपर्यंत थांबूया. "फडक्यानं पूस आन् लाव. परवा बार्ज जायाची हाय." पुसलं. लावलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.
घरी बायकोनं, सुषमानं विचारलं, काय झालं? म्हटलं, खांदा.

६ नोव्हें.
रेझीन सुकलं. नाण्यानं ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, हॅचकडे मात्र बद्द. तळहाताएवढी जागा, चिकटलीच नाही. भरलेली बार्ज लाटेवर वाकली की तिथूनच सुटणार.
पाटील म्हणाले, "रंग मार, दिसत न्हाई."
रंगाचा डबा घेऊन डेकवर गेलो. झाकणही उघडलं. विठूबाब तिथेच चहात पाव बुडवत होता. तो धरून सहा माणसं हिच्यावर.
"विठूबाब, हे धरायचं नाही. मीच ओल्यावर लावलंय."
त्यानं पाव बाजूला ठेवला. "सांगलंस ता बरा केलंस. आता काड ता."

७ नोव्हें.
काढलं. पितळी पटाशीनं, तुकडा तुकडा. पाटील ओरडले, विठूबाब म्हणाला, असल्या डेकवर मी बार्ज नेणार नाही. मग पाटील मला म्हणाले, "उशीर का झाला ते मालकास्नी तूच सांग." परत खरवडलं. दोन वाजता, पत्रा तापलेला असताना, नवं कापड लावलं.

९ नोव्हें., रवि.
काल तपासलं. आवाज सगळीकडे सारखा. तरी एका कडेला चारदा ठोकलं. कान थकले की काहीही ऐकू येतं.
आज भरतीला बार्ज गेली. भरून समुद्रावर जाईल तेव्हाच काय ते कळेल.
यार्डाच्या मालकांनी उद्या पणजीच्या ऑफिसात बोलावलंय. सुषमा म्हणाली, "काय सांगणार?"
"ओल्यावर लावलं, ते."
"आणि पाटलांचं?"
सांगितलं तर पाटलांची नोकरी जाईल, दोन मुलं इथं शाळेत. अजून ठरत नाही.