गप्प बसण्याचा दाखला

३ मार्च
या कोर्सची खरी किंमत फीमध्ये नाही. रविवारची झोप गेली, मेव्हण्याकडचं जेवण हुकलं, आणि या वयात बाकावर बसून ‘हजर, मॅडम’ म्हणायचं! पण कंपन्यांनी स्पष्टच सांगितलंय — जूनपासून मान्यताप्राप्त कोचलाच काम. नाहीतर बसा घरी.

शेजाऱ्यांनी विचारलं, “कुठला खेळ शिकवतात?” बायको म्हणाली, “खेळ नाही हो! अडलेल्या साहेबलोकांना वाट दाखवतात. बोलून बोलून.”

बोलून नाही, ऐकून! दारोदार माल विकत फिरलो तेव्हापासून कान तयार आहेत. आतली कडी कशी वाजते त्यावरून गिऱ्हाईक ओळखायचो. इतक्या वर्षांत एकही माणूस मला सोडून गेलेला नाही.

१० मार्च
परीक्षा म्हणजे खऱ्या बैठकीचं रेकॉर्डिंग. छापखान्याच्या मालकीणबाईंची बैठक दिली होती. चार वर्षं माझ्याकडे येतात, दुखणं एकच — भावापासून वाटणी घ्यावी की नाही.

नापास! मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. रेकॉर्डिंग थांबवायच्या ते नेमकं तिथंच — “मी तुमच्या जागी असतो तर...” शेवटी म्हणाल्या, “सर, त्या जागेवर बाईंना बसू द्या ना जरा.”

एकच संधी उरली.

११ मार्च
बायकोला सांगितलं, गप्प राहायला शिकायचंय. “अगंबाई! मग सराव घरीच करा की!”

१७ मार्च
पुन्हा त्याच बाई. पुन्हा तिथंच अडल्या. सल्ला अगदी जिभेवर आला — गिळला.

मग शांतता. पडदा हलला, टेबलावरचं ऊन हललं. ग्लासातल्या पाण्याचा कवडसा छतावर तरंगत होता. वाटलं, आम्ही दोघं एका होडीत आहोत आणि वल्ही कुणाच्याच हातात नाहीत. किती वेळ गेला, कोण जाणे.

तळातून आवाज यावा तशा त्या म्हणाल्या, “मला वाटणी नकोच आहे. दादानं एकदा तरी विचारावं, तुला काय वाटतं म्हणून.”

मी हूं की चूं केलं नाही. चालतच घरी आलो. पायाखाली रस्ता होता की नाही, आठवत नाही.

२ एप्रिल
पास!! बायकोनं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. “गप्प बसण्याचा दाखला! जेवणाच्या टेबलासमोर लावा.”

५ एप्रिल
छापखान्याच्या बाईंचा फोन. दादाशी बोलणं झालं, वाटणी नाही. आवाज मोकळा. आता यायची गरज उरली नाही, म्हणाल्या.