आवडीचं रान

सदाशिव पेठ, पुणे
९ नोव्हेंबर २०११

ती. आबा,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? उसाला तोड आली का? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागेल.

माझं काम तेच, कॉम्प्युटरवर नकाशे करायचं. सध्या स्कॉटलंडचा नकाशा आलाय. तिथल्या डोंगराळ भागात गेलिक नावाची जुनी भाषा आहे. गावांची, शेतांची, ओढ्यांची नावं त्या भाषेतली. पण पूर्वीच्या मोजणीदारांनी ती इंग्रजी वळणानं लिहून टाकली. आता शेजारी मूळ नावं, मूळ स्पेलिंगनं द्यायची आहेत. एक ठिकाण आहे, आख्नाशेलाख. इंग्रजीत वाचून काही बोध होत नाही. मूळ नावाचा अर्थ निघाला, वाळुंजाच्या झाडांचं शेत! आपल्या नदीकाठची वाळुंजं डोळ्यांपुढे आली.

उच्चार सांगायला तिकडून मोराग नावाच्या बाई फोनवर असतात. परवा त्यांनी विचारलं, "तुमच्या शेताला नाव आहे का?"

म्हटलं, "आहे की. आवडीचं रान."

"कुणाच्या आवडीचं?"

लहानपणापासून म्हणत आले, विचारलं कधीच नाही. आपला ऋषी सांगत होता, त्यातला तुकडा बिल्डरला दिलात, तिथे त्यानं 'आवडी'चं इंग्रजी स्पेलिंग करून 'ऑडी पार्क' अशी पाटी लावलीय. लोकांना वाटतं, गाडीवरून नाव ठेवलं.

तर आबा, कुणाच्या आवडीचं?

एवढंच विचारायला पत्र लिहितेय, असं मी योगेशला सांगितलं. तो म्हणाला, "खरं काय ते लिही." वर्ध्याची माणसं सरळ बोलतात. तुमच्या मनाविरुद्धच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तुम्ही त्याचं नावसुद्धा घेत नाही, असं आई म्हणते.

खरं असं, की मला पाचवा महिना लागलाय. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिला तुमच्यापासून लपवावं लागलं असतं. शेजारच्या बायका विचारतात, "पहिलं बाळंतपण माहेरीच ना?" मी विषय मंडईतल्या भाजीच्या भावावर नेते.

माहेरी येऊ नको म्हणालात तरी चालेल. पण तुमच्या तोंडून येऊ दे.

तुमचीच,
संस्कृती


मांजरी
१६ नोव्हेंबर

चि. संस्कृतीस आशीर्वाद.

अक्षर तुझ्या भावाचं, ऋषीचं हाय, बोलणं माझं. तुझी आई शेजारी बसलीया. डोळे पुसतीया आणि मला दटावतीया, "नीट सांगा."

आधी शेताचं सांगतो. आवडी ही माझी आत्या. सासरी लई मारायचे, म्हणून एक दिवस नेसत्या लुगड्यानिशी चालत आली. भावकी आज्याला म्हणाली, परत धाड, अब्रू जाईल. आजा म्हणाला, "लेक हाय, पाव्हणी न्हाय." नदीकडचं रान त्यानं तिला दिलं. मरेस्तोवर तिनं तिथं स्वतः ऊस पिकवला. मला खांद्यावर घेऊन बांधानं फिरायची. म्हणून ते आवडीचं रान. तुझ्या त्या मोरागबाईंना कळव. बिल्डरलाबी सांगून आलो, पर तो पाटी बदलंना. त्याच्याशी भांडण चालू हाय.

हे तुला कधी बोललो न्हाय. बोललो असतो तर माझ्याच आज्याच्या शब्दात तू मला धरलं असतंस.

गुडघा दुखतोय, पर तुमचा जिना चढंल. रविवारी आम्ही दोघं येतोय. आईनं तुझ्या ओटीसाठी खण-नारळ आणून ठेवलाय. योगेशरावांना घरी थांबायला सांग. मला बोलायला जमत न्हाय, तवा सुरुवात त्यांनीच करावी.

बाळंतपण मांजरीतच. ऋषीनं मागची खोली सकाळीच झाडून काढली, आता चुना लावतोय आणि मधेमधे येऊन हे लिहितोय.

विचारलंस, बरं केलंस पोरी.

तुझाच,
आबा