हिरवं असताना

लाडके लेकी,

तुझी पाठ कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? मी धडधाकट आहे, पण तुझ्या चिमणीचा चेहरा पुन्हा सुजलाय.

डायलिसिसच्या पोरीनं पाणी बेतानं प्यावं म्हणून तू ते ॲप दिलंस. प्यायलेला पेला त्यात नोंदवायचा. बेतात असलं की तुझ्या मोबाईलवर हिरवं दिसतं, जास्त झालं की लाल दिसतं आणि तू घाबरून फोन करतेस.

काल ती नळाला तोंड लावून घटाघटा प्यायली आणि स्वतःच पेले नोंदवू लागली. मी ओरडले, तर म्हणते, "आजी, लाल झाल्याशिवाय आई बोलतच नाही!"

फोनवर सांगावं तर पोर शेजारीच असते, म्हणून लिहायला बसले गं. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून हे पत्र टाकवत नव्हतं. पण बाई, हिरवं असतानाही फोन कर. उत्तराला उशीर लावू नकोस, पोर पाणी पितेय.

तुझी आई