टाचांपर्यंत टोपी

डेटन, ओहायो
रविवार, चर्चहून आल्याबरोबर

प्रिय लोरेटामावशीस,

एल्वुडचा गुडघे न वाकवता केलेला नमस्कार (वाकतच नाहीत, डॉक्टर म्हणतात, तीस वर्षं शाळेची बस चालवल्यावर गुडघ्यांना ब्रेक दाबण्यापलीकडे काही आठवत नाही). तुझी कंबर कशी आहे? अटलांटात उकाडा फार असेल; स्टुडिओच्या शिवणखात्यात पंखा तरी धड लावून देतात का? मांजराला नवं औषध मानवलं का? तुझी सूनबाई डार्लीन तुझी आठवण काढते. तिने तुझ्या पद्धतीने ट्यूना माशाचं भाजलेलं कॅसरोल केलं होतं, ते आम्ही गेल्या मंगळवारपासून खातो आहोत. बाकी इथे सगळं क्षेम आहे. म्हणजे, नाही.

'वेदर ब्रिगेड' या कॉमिकवर माझा किती जीव आहे हे तुला सांगायला नको. पहिला अंक तूच आणून दिलास, मला गोवर आला होता तेव्हा. हवामानाच्या एकेका लहरीचा एकेक वीर, असे सहाजण. कर्नल स्लीट गारा पाडतो, मिस ड्रिझल बारीक रिपरिप लावते आणि गुन्हेगार कंटाळून शरण येतात. पन्नास वर्षं वाट पाहिल्यावर त्यांच्यावर हाडामांसाच्या नटांची टीव्ही मालिका निघणार अशी बातमी आली (तीच, जिची शिवण पुढे तुझ्या टेबलावर आली). आमच्या चाहत्यांच्या क्लबात आधी आनंद झाला आणि चार मिनिटांनी संताप. मालिका अजून निघायचीच होती, पण ती बिघडवली जाणार याबद्दल आमचं एकमत होतं. आमचा क्लब म्हणजे बेव्ह ऑस्ट्रँडरबाईंच्या कॉमिकच्या दुकानात दर बुधवारी, नवे अंक येतात त्या दिवशी, जमणारे अकरा सभासद आणि नऊ खुर्च्या. तेव्हा खुर्चीला काय मोल असेल ते तूच समज.

आम्ही स्टुडिओला मागणीपत्र पाठवायचं ठरवलं. त्रेचाळीस मागण्या. मिस ड्रिझल खरोखरची ओली असावी. कर्नल स्लीटच्या मिशीचं डावं टोक सदैव उत्तरेला असावं (मग नट दक्षिणेकडे बघत असेल तर काय, या प्रश्नावर दोन बुधवार गेले आणि एक सभासद कायमचा गेला, वारला नाही, सिनसिनाटीच्या क्लबात गेला). पण सगळ्यांत वरची, मागणी क्रमांक एक, केपची होती. हल्लीच्या मालिकांत वीरांच्या गळ्याशी बांधून पाठीवर सोडलेल्या केपा काढून टाकतात आणि त्यांना मोटरसायकलवाल्यांसारखे कपडे घालतात, याचा आम्हाला भयंकर राग आहे. म्हणून आम्ही लिहिलं, की प्रत्येक वीराला टाचांपर्यंत लोंबणारी, वाऱ्यावर फडफडणारी, उडताना सहा फूट मागे तरंगणारी लाल केप असावी. आणि खाली ठळक अक्षरांत: यात एका अक्षराचाही बदल आम्ही खपवून घेणार नाही.

मावशी, त्यांनी एका अक्षराचाही बदल केला नाही.

मागच्या बुधवारी बेव्हबाईंनी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर मालिकेची पहिली झलक लावली. कर्नल स्लीट बँकेच्या गच्चीवर उभा. मिशी उत्तरेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तो वळला, आणि त्याच्या डोक्यावर बेसबॉलवाल्यांची असते तशी लाल टोपी होती, तिच्या मागून टाचांपर्यंत कापड लोंबत होतं आणि वाऱ्यावर फडफडत होतं. त्याने उडी मारली तेव्हा ते कापड सहा फूट मागे तरंगलं आणि टोपी उडून जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली. पुढचा सगळा दरोडा त्याने लाथांनी मोडून काढला. मागून उरलेले पाचजण डोकी धरून पळत आले, जणू सगळ्यांना एकदम काहीतरी वाईट बातमी कळली होती. (ईस्टरला तू फोनवर म्हणालीस, की यंदा कुणा वेड्या लोकांच्या शेपटीवाल्या टोप्या शिवते आहे. मी किती हसलो होतो, आठवतं?)

दुकानात जो गहजब झाला तो काय सांगू! सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो. ज्याने कुणी हा घात केला असेल, त्याची खुर्ची उचलून बाहेर पार्किंगमध्ये ठेवा, असा ठराव मीच मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. बेव्हबाईंनी तिथल्या तिथे स्टुडिओला फोन लावला. पलीकडची मुलगी फार सभ्य. म्हणाली, आम्ही तुमच्या कागदाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही कॅप मागितलीत, कॅप दिली. मूळ कागद शिवणखात्याच्या फायलीत आहे, त्याची प्रत पाठवते. केप आणि कॅप लिहिताना फरक फक्त शेवटच्या 'ई'चा. तो 'ई' टाइप करणाऱ्याने खाल्ला होता.

आता, क्लबाचं टाइपिंग नॉर्बर्ट कुलमन करतो हे सगळ्या डेटनला माहीत. नॉर्बर्ट म्हणजे नळदुरुस्तीवाला, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने मुलीच्या लग्नाच्या केकवर मुलीचंच नाव चुकीचं घालून आणलं होतं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. "काय रे नळवाल्या, अक्षरंपण गळतात का तुझ्याकडे?" असं कुणीतरी म्हणालं. बेव्हबाई म्हणाल्या, "प्रत येऊ दे. बुधवारी बघते तुझ्या खुर्चीकडे." सव्वीस वर्षांची त्याची खुर्ची, खिडकीशेजारची. नॉर्बर्टने माझ्याकडे एकदा बघितलं, कोट घातला आणि गेला.

पण मागणीपत्र टाइप करायच्या दिवशी नॉर्बर्टच्या अंगठ्यावर पाना पडला होता, मावशी. त्याच्या तळघरात, त्याच्या टाइपरायटरवर, ते त्रेचाळीस मुद्दे मी टाइप केले. हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि तो गप्प आहे. चार रात्री मला झोप नाही. मला लाज वाटते, आणि खुर्ची सोडवतही नाही.

असो. तब्येतीला जप. उकाड्यात पाणी पीत जा.

तुझा लाडका (होतो असं तूच म्हणायचीस),
एल्वुड

ता. क. : तो मूळ कागद तुझ्याच खात्यात आहे. काळ्या शाईने, नॉर्बर्टच्या टाइपरायटरच्या जराशा वाकड्या अक्षरांसारखा, एक बारीकसा 'ई' काढायला तुझ्यासारख्या सुबक हाताच्या बाईला कितीसा वेळ लागेल? म्हणजे चूक स्टुडिओची ठरेल आणि नॉर्बर्टही सुटेल. (मी नॉर्बर्टसाठीच म्हणतो आहे.)

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच नॉर्बर्ट आला. मी दारातच सगळं कबूल करायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "गप रे. मागणीपत्र पोस्टात टाकायच्या आधी मी वाचलं होतं. दिसलं होतं मला." मी म्हटलं, "मग दुरुस्त का नाही केलंस, गाढवा?" तर खुर्चीत बसून टकलावरून हात फिरवत म्हणाला, "चाळीस वर्षं कॉमिकवाल्यांच्या जत्रेत केप घालतोय. दोनदा गाडीच्या दारात अडकली, एकदा सरकत्या जिन्यात. जीव जायचा राहिला. आणि डोक्याला गारठा लागतो तो निराळाच. म्हटलं, एकदा त्यांच्याही डोक्यावर काहीतरी येऊ दे." म्हणजे चूक माझी, तिला परवानगी त्याची आणि टोपी मात्र आम्ही दोघांनी मिळून सगळ्यांना घातली. आम्ही एवढे हसलो की डार्लीन कॅसरोलचा चमचा हातात घेऊन बघायला आली. मग तो म्हणाला, बुधवारी मी सांगतो, मीच टाइप केलं म्हणून, तुझी खुर्ची राहू दे. तेव्हा मात्र माझं हसू गेलं.

ता. क. तिसरा : 'ई' घालू नकोस. घातला असशील तर खोडून टाक. बुधवारी दोन्ही खुर्च्या पार्किंगमध्ये जाणार आहेत, माझी मीच उचलून नेणार आहे. तिथे वारा चांगला असतो. त्या टोप्यांतल्या दोन उरल्या असतील तर ताबडतोब पाठव. नॉर्बर्टचं डोकं मोठं आहे. लांबी टाचांपर्यंतच हवी.